तीन वाजताचा कॉम्प्युटर

बंद कॉम्प्युटरसमोर आम्ही तीन मोठी माणसं खुर्च्या मांडून बसलो होतो, तीन वाजायची वाट बघत. एक मी, रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटर विकण्या-दुरुस्त करण्याचं दुकान चालवणारा सुहास शिवलकर. दुसऱ्या मयेकरकाकू, ज्यांचे यजमान जाऊन महिना उलटला होता. आणि तिसऱ्या शेजारच्या नागवेकरवहिनी. त्यांनी येताना ग्रामदेवतेचा अंगारा मुठीत आणला होता, पण तो नेमका कधी आणि कोणावर टाकायचा याचा त्यांना स्वतःलाच नीट अंदाज नव्हता.

श्रावणातली दुपार होती. भाट्ये गावातल्या मयेकरांच्या घराच्या खिडकीतून खाडीकडचा वारा येत होता आणि पागोळ्या गळत होत्या.

"आता होईल हां," काकू म्हणाल्या.

"बटणाला कोणाचा धक्का लागत नाही ना? मांजर वगैरे?"

"मांजर कुठे आहे आमच्याकडे? ह्यांना चालत नसे."

"मांजर!" नागवेकरवहिनी पुटपुटल्या. "ह्याला मांजर आठवतंय!"

मी त्यांना उत्तर देणार, तेवढ्यात टेबलाखालच्या सीपीयूतला पंखा घरघरला. हिरवा दिवा लागला. मॉनिटर खट् करून जागा झाला, काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं भराभर वर गेली आणि थोड्या वेळाने ते विंडोज सुरू होतानाचं संगीत त्या शांत घरात वाजलं. बटणाला कोणी हात लावला नव्हता. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

वहिनींनी डोळे मिटले आणि मूठभर अंगारा समोर भिरकावला.

"अहो, कीबोर्डवर नको!" मी ओरडलो.

काकू मात्र हलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर सारखा केला, घरात कोणी मोठं माणूस आल्यावर करावा तसा. ते बघून माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला मला आजही लाज वाटत नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. असेंबल मशीनचे दिवस सरले, माझ्या दुकानात आता फोनच्या काचा बदलायला पोरं रांग लावतात. पण दुपारी दुकानात एकटा असलो आणि एखादं दुरुस्तीला आलेलं मशीन मागच्या बाजूला अचानक घरघरलं, की माझी मान अजून वळते.

मयेकरकाका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसले, असं म्हटलं तरी चालेल. मी माल विकायला बसलेला, आणि हे माझ्याच स्टुलावर बसून माझ्याच गिऱ्हाइकांना सल्ले देणार. "ब्रँडेड कशाला घेताय? ब्रँडेड म्हणजे हॉटेलातलं कालवण, आत काय पडलंय ते विचारायची सोय नाही. असेंबल घ्या." कोणी असेंबल मागितला, की "एसएमपीएस कुठला घालतोय तो बघून घ्या हां. पोटात वीज नीट गेली नाही तर बाकीचं सगळं सोन्याचं असून फुकट." कोणी नवा प्रोसेसर टाकायचं म्हणाला, की "काय गरज? रॅम वाढव, पंख्यातली धूळ काढ, अजून दोन वर्षं पळेल." आणि यूपीएस न घेता निघालेल्या माणसाला ते दारात अडवून विचारत, "मग त्यापेक्षा कॅरम का नेत नाही?"

माझी किती गिऱ्हाइकं त्यांनी पिटाळली! मी चिडायचो, दातओठ खायचो. पण पिटाळलेलं गिऱ्हाईक दोन दिवसांनी परत यायचं आणि काकांनी सांगितलेलंच नेमकं माझ्याकडून घेऊन जायचं. गावात कोणी कॉम्प्युटर घेतो म्हटलं, की लोक आधी विचारायचे, मयेकरांना विचारलंस का? चूक कबूल करणं मात्र त्यांच्या पत्रिकेत नव्हतं. एकदा हार्ड डिस्कवरून आमची जुंपली, मी जिंकलो, तर तीन दिवस दुकानात आले नाहीत.

मग पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे आहेत, मुंबईला जाऊन काढून येतो, असं ते स्वतःच मला दुकानात सांगून गेले. "चार दिवसांचं काम. तोवर लोकांना वाट्टेल ते विकू नको." ते परत आले नाहीत. इस्पितळात तीन आठवडे काढून तिथेच गेले. सगळ्यांना तो धक्काच होता. खड्यांनी माणूस जातो का, असं लोक महिनाभर एकमेकांना विचारत होते.

काकू दुकानात आल्या त्या मी वर सांगितलेल्या दुपारच्या आदल्या दिवशी. स्टुलाकडे बघितलं आणि उभ्याच राहिल्या.

"सुहास, आमचा कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो."

"होतो कधीकधी. खाऱ्या हवेने बटणाचा स्विच शॉर्ट होतो, काकू. बदलून देतो."

"रोज होतो. दुपारी तीनला. आणि तासाभराने आपला आपण बंद होतो."

"काका असताना व्हायचा?"

"कधीच नाही. आम्ही मुंबईला होतो ना, तेव्हा घर बंद होतं. नागवेकरवहिनी तुळशीला पाणी घालायला यायच्या. त्यांना दुपारी खिडकीतून निळा उजेड दिसला. वाजलेलंसुद्धा ऐकलं त्यांनी. त्या म्हणतात, ह्यांचा जीव जायच्या आधीच घरी येऊन बसला होता."

नागवेकरवहिनींचं मत मी तिथेच उडवून लावलं असतं. पण काकूंचा चेहरा बघून शब्द गिळले.

"निनाद काय म्हणतो?" निनाद त्यांचा एकुलता एक मुलगा, मस्कतला नोकरीला.

"बाराव्याला होता ना तो इथेच. पाहुण्यांच्या पंगती बसल्या होत्या आणि हे वाजलं. माझी नणंद ताटावरून उठली. निनादने पिन काढून ठेवली. म्हणाला, जुनं मशीन आहे, फॉल्ट असेल, भंगारात दे, मी लॅपटॉप पाठवतो."

"मग पिन काढलेली असताना..."

"मग काय सुरू होणार? नाही झाला. निनाद गेला, आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजले तेव्हा मला घर खायला उठलं. मीच पिन परत लावली." त्यांनी पिशवीचे बंद हातात गुंडाळले. "दहाव्याला कावळा शिवला नाही रे. सगळ्यांनी सगळं कबूल करून बघितलं. निनाद म्हणाला, आईला सांभाळीन. नणंद म्हणाली, आंब्याच्या कलमांकडे बघू. काही नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

"काकू, पावसाळ्यात कावळे कुठे..."

"मी त्यांच्याशी भांडले," त्या एकदम म्हणाल्या. "शेवटचे सगळे दिवस मी नुसती भांडत होत्ये. शेवटचं बोलणंसुद्धा भांडणाचं. ते रागावून गेले असतील तर मला कळायला हवं."

मी विचारलं, "मग मी काय करू? बंद करून देऊ?"

"बंदच करायचा असता तर पिन काढून ठेवली नसती का? तू फक्त बघ, तो का सुरू होतो. निनाद म्हणतो फॉल्ट. वहिनी म्हणतात राग. तू त्यातला आहेस, तू सांग."

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात असलं काम माझ्याकडे ना त्याआधी आलं, ना त्यानंतर.

तर त्या दुपारी मशीन डोळ्यांदेखत सुरू झालं, आणि माझा स्विचचा सिद्धांत तिथेच आडवा झाला. शॉर्ट झालेला स्विच घड्याळ बघत नाही. आणि तासाभराने विंडोज शिस्तीत बंद करून तर मुळीच जात नाही. हे कोणीतरी केलेलं होतं.

"वहिनी, जरा बाजूला व्हा," मी म्हटलं आणि अंगारा फुंकून कीबोर्ड पुढे ओढला.

"फुंकू नको रे तो! देवीचा आहे!"

मी मशीन परत सुरू केलं आणि विंडोज यायच्या आधी निळ्या पडद्यात शिरलो. मशीनच्या मुळातल्या सेटिंग्ज तिथे असतात. कुठल्या क्रमाने जागं व्हायचं, घड्याळात किती वाजलेत, असलं सगळं. सहसा तिकडे कोणी फिरकत नाही. विजेच्या पानावर गेलो आणि खाली खाली येत एका ओळीवर थांबलो. गजर. रोज. दुपारी तीन.

मला हसूच फुटलं. इतका वेळ छातीवर बसलेला दगड उतरला.

"भूत नाही, वहिनी. गजर आहे. घड्याळात असतो ना, तसा कॉम्प्युटरलाही लावता येतो. मशीन बंद असलं तरी आत एक छोटा सेल असतो, त्याच्यावर घड्याळ चालू असतं. वेळ झाली की ते मशीनला उठवतं. कोणी लावला असेल? भाट्यात हे माहीत असलेला माणूस एकच होता."

"आणि बंद कोण करतं?" वहिनी सहजासहजी हरणाऱ्या नव्हत्या.

"तेही दाखवतो." विंडोज आल्यावर मी नेमून दिलेल्या कामांची खिडकी उघडली. तिथे काकांनी एकच काम नेमलं होतं. रोज चार वाजता मशीन बंद करणे.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन ते चार! काकांचं हे सगळ्यांत लाडकं मत होतं, दुकानात मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं. आपल्याकडे मशीन म्हातारं होऊन मरत नाही, सादळून मरतं. पापड सादळतात तसे आतले बोर्ड सादळतात. म्हणून पावसाळ्यात काम असो नसो, रोज तासभर चालू ठेवा, आत ऊब राहिली पाहिजे. आणि ठेवायचंच तर दुपारी तीन ते चार ठेवा, तेव्हा व्होल्टेज सरळ असतं. व्होल्टेजचं खरं की खोटं देव जाणे, पण दमटपणाचं खरं होतं. मीसुद्धा माझ्या गिऱ्हाइकांना तेच सांगत आलो आहे.

"सादळू नये म्हणून लावलंय त्यांनी!" मी वहिनींना विजयी मुद्रेने सांगितलं. "घर बंद, पावसाळा, कोण सुरू करणार? म्हणून ते आपलं आपण सुरू होतं, तासभर ऊब घेतं आणि झोपतं."

वहिनींचा चेहरा पडला. महिनाभर सांभाळलेलं भूत असं एका मिनिटात हातचं गेलं होतं. "माझी मेली आमसुलं सोलकढीला भिजत पडल्येत," असं म्हणत त्या उठल्या आणि उरलेला अंगारा उंबऱ्यावर टाकून घरी गेल्या.

मी काकूंकडे वळलो. वाटलं होतं, त्या सुस्कारा टाकतील, चहा टाकतील. त्या पडद्याकडे बघत तशाच बसल्या होत्या.

"हे कधी लावलं त्यांनी?"

"ते कळेल ना." काम नेमलं की त्याची तारीख मशीन लिहून ठेवतं. मी बघितलं. "पाच जुलै. सकाळी."

"सहाला आम्ही मुंबईला निघालो."

"मग बरोबर. निघायच्या आदल्या दिवशी लावलं."

"चार दिवसांसाठी?"

"म्हणजे?"

"खडे काढायचे आणि चौथ्या दिवशी घरी, असं होतं ना." काकूंचा आवाज अगदी सपाट होता. "सुहास, चार दिवसांत सादळतो का रे कॉम्प्युटर?"

मी दुकानदारासारखं उत्तर दिलं. "छे! चार दिवसांत काय होतंय? काका तर म्हणायचे, आठवडाभर बंद राहिला तरी हरकत नाही. पुढे पुढे मात्र..."

काकूंनी खुर्चीची कड घट्ट धरली होती.

"चिपळूणला बहिणीकडे एक रात्र जायचं तरी सगळ्या पिना काढायचे, मेन पाडायचे," त्या म्हणाल्या. "विजेची भारी धास्ती. त्या दिवशी मी सवयीने ह्याची पिन काढायला गेले, तर अंगावर आले माझ्या. राहू दे, हात लावू नको म्हणाले. मी म्हटलं, चिपळूणला जाताना काढता आणि मुंबईला जाताना नको? तर म्हणाले, मोठं कॉम्प्युटरातलं कळायला लागलं तुला. टॅक्सी दारात उभी, आणि आम्ही भांडतोय."

"काकू..."

"खडे नव्हते रे."

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या कॉम्प्युटरकडेच बघून बोलत राहिल्या.

"स्वादुपिंडाचा कॅन्सर. इथल्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला आणि निनादला फोनवर. फार दिवस नाहीत म्हणाले. निनाद म्हणाला, बाबांना सांगायचं नाही. नणंदही तेच म्हणाली, धसक्याने आधीच जाईल. मी म्हटलं बरं. आमच्याकडे कोणाला सांगितलंय कधी? माझ्या सासऱ्यांनाही नव्हतं सांगितलं. मग ह्यांना सांगितलं खडे आहेत. ह्यांनी दोन प्रश्न विचारले आणि गप्प झाले. मला वाटलं, पटलं."

चार दिवसांचं काम, असं मला दुकानात हसत सांगून गेलेला माणूस माझ्यासमोर उभा राहिला.

"पण चेहरा कसा लपवणार?" काकू म्हणाल्या. "मला येता-जाता रडू यायचं. ते बघतील, त्यांना कळेल. मग मी भांडायला लागले. मरणाऱ्या माणसाशी कोणी भांडतं का? नाही ना? म्हणजे मी भांडत्ये तोवर ह्यांना वाटेल, सगळं ठीक आहे. म्हणून मी मुद्दाम भांडायचे. औषध वेळेवर घेत नाही म्हणून. चष्मा कुठेही टाकता म्हणून. इस्पितळात तर शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई मला म्हणाली, अहो, आजारी माणसाला इतकं कशाला बोलता? मी तिलाही बोलले."

"आणि काका?"

"तेही भांडायचे. अगदी जोरात. अंगात ताकद नव्हती तरी उठून बसायचे भांडायला." त्या किंचित हसल्या, आणि ते हसू तोंडावर टिकलं नाही. "त्या दिवशी सकाळी मी म्हटलं, चादर नीट घ्या, सगळं मलाच बघायला लागतं, घरी चला मग बघत्ये तुमच्याकडे. तर माझा हात धरला आणि म्हणाले, तुझंच खरं. एवढंच. मी हात सोडवून घेतला रे. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दिसू नये म्हणून तरातरा चहा आणायला गेले. वर आले तोवर खाटेभोवती पडदा ओढला होता."

तुझंच खरं! हार्ड डिस्कवरून हरल्यावर तीन दिवस तोंड न दाखवणारा हा माणूस कोणाला तुझंच खरं म्हणणाऱ्यातला नव्हता. हे मला कळलं, तसं काकूंनाही कळतच होतं. महिनाभर त्यांना ते टोमण्यासारखं डाचत राहिलं होतं.

"मला वाटलं, वैतागून म्हणाले," त्या म्हणाल्या. "बायकोची कटकट संपत नाही म्हणून. माणूस जाताना असं मनात घेऊन गेला, की हिने शेवटी मला एक शब्द धड दिला नाही. रोज तीनला हा सुरू व्हायचा आणि मी इथे बसून म्हणायचे, रागावू नका. चुकलं माझं."

मग त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"तू त्यातला आहेस. खरं सांग. चार दिवसांसाठी कोणी हे लावेल?"

दोन वाटा होत्या. काकांना सवयच होती, असं म्हणता आलं असतं. म्हातारा माणूस, मशीनवर जीव, लावून ठेवलं असेल सहज. तेही खपलं असतं. पण आदल्या दिवशी माझ्या दुकानात उभं राहून या बाईने मला एकच गोष्ट मागितली होती.

"नाही लावणार, काकू," मी म्हटलं. "आपण परत येणार नाही, आणि आपल्यामागे ह्याला कोणी हात लावणार नाही, हे माहीत असलेला माणूसच असं लावून जातो."

"म्हणजे त्यांना कळलं होतं."

"निघायच्या आधीपासून."

"म्हणजे मी का भांडत्ये, तेही कळलं होतं."

काकूंनी हात पुढे केला आणि मॉनिटरच्या माथ्यावर ठेवला. तो आता चांगला गरम झाला होता. कपाळाला हात लावून ताप बघावा तसा तो हात बराच वेळ तिथे राहिला. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मी उठलो. अशा वेळी परक्याने तिथे थांबू नये, एवढी अक्कल मला होती.

पडवीत येऊन पायरीवर बसलो. मग आतून रडण्याचा आवाज आला. महिनाभर, किंवा त्याच्याही आधीपासून अडवून धरलेलं रडणं होतं ते. अडखळत बाहेर पडत होतं. माझेही डोळे भरले. आणि मग, हळूहळू, त्या रडण्यातून शब्द उमटायला लागले.

"तोंड नव्हतं का तुम्हाला? अख्ख्या रत्नागिरीला सल्ले देत फिरायचात, आणि बायकोला एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

मी चमकून वळलो. खिडकीतून फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि पलीकडे पडद्याचा निळा उजेड.

"म्हणे खडे! मी म्हटलं खडे, आणि तुम्ही मान डोलावलीत? इतकी वर्षं माझी एक गोष्ट कधी सरळ ऐकली नाहीत, आणि हीच ऐकायची होती? इथे बसून चोरून गजर लावता येतो, त्या मेल्या डब्याची काळजी करता येते, आणि माझ्याजवळ येऊन..."

नागवेकरवहिनी कुंपणापाशी आल्या होत्या. आवाज ऐकूनच आल्या असणार. हात आमसुलाने जांभळे झाले होते. मला बघून त्या दबक्या पावलांनी पडवीत आल्या.

"कोणाशी बोलत्ये रे ती?"

"काकांशी."

त्यांनी जांभळा हात तोंडावर ठेवला. मला वाटलं, आता पुन्हा देवीकडे धावतील. पण त्या उभ्या राहून ऐकत राहिल्या.

"दोघांनी मिळून रडलो असतो ना हो," आत काकू म्हणत होत्या. "मी एकटी संडासात जाऊन रडायचे, नळ सोडून. तुम्ही कुठे रडलात? कुठे रडलात, ते सांगा मला!"

वहिनी माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. खाडीवरून पावसाची एक सर आली, पडवीच्या कौलांवर वाजली आणि पुढे निघून गेली. आत भांडण चालूच होतं. आवाज कधी चढत होता, कधी मोडत होता. मधेच काकू थांबायच्या, समोरच्याला बोलायला वेळ द्यावा तशा, आणि मग आणखी त्वेषाने सुरू व्हायच्या.

"महिन्यानंतर तिचा असा चढा आवाज ऐकला," वहिनी हळूच म्हणाल्या.

चार वाजले असावेत. आतून विंडोज बंद होतानाचं ते उतरतं संगीत आलं. पंख्याची घरघर मंदावली आणि थांबली. खिडकीतला निळा उजेड गेला. काकू एका वाक्याच्या मधेच होत्या, त्या गप्प झाल्या. मी आणि वहिनींनी एकमेकांकडे बघितलं. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

मग काकूंनी नाक पुसल्याचा आवाज आला, खुर्ची मागे सरकली, आणि त्यांचा तो रोजचा, कोरडा, घरातला आवाज आला.

"जा. उरलेलं उद्या."